लिनक्सची एक ओळ आणि कौशल्याबाई

५ जानेवारी, सोमवार

ठरलं. कॉलेजचे सगळे संगणक, सर्व्हरसकट, विंडोजवरून लिनक्सवर न्यायचे. संस्थेच्या अध्यक्षांनी स्टाफ मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे सर पंधरा ऑगस्टले काय बोलले होते, आठवते ना? कुलूप आपल्या घराले, किल्ली दुसऱ्याच्या कमरेले, अन् आपण मालक म्हणून मिरवतो. जुन्या मशीनवर नवीन विंडोज चालत नाई, नवीन मशीन घ्याची ऐपत नाई. मंग? सर, करा सुरू."

टाळ्या. मीही मान झुकवून घेतल्या.

तेवीस वर्षं सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर आहे. तेवीसही वर्षं विंडोज. लिनक्सवर भाषणं मात्र बारा-पंधरा केली असतील. साकोली, लाखांदूर, दोनदा भंडारा. स्वतः चालवलं ते फक्त तीन दिवस, कधीकाळी. प्रिंटर लागला नाही म्हणून पुसून टाकलं. हे कोणाला माहीत नाही. सुनंदालाही नाही, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

६ जाने., मंगळ.

लॅबमधल्या एका मशीनवर टाकलं. टाकणं सोपं. मग समोर बसलो. सी ड्राइव्ह नाही, डी ड्राइव्ह नाही. सगळं एका तिरप्या रेघेखाली लटकलेलं. रात्रीतून कोणी घरातल्या भिंती काढून नेल्या आणि भांडी तेवढी जागेवर ठेवली असं वाटलं.

एक फाइल संपादकात उघडली. बाहेर पडता येईना. एक्स शोधला, नाही. काहीही दाबलं की तेच अक्षर फाइलमध्ये उमटत होतं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. नेमक्या तेव्हाच फिजिक्सच्या लांजेवार मॅडम दारात. यांनी पीएच.डी.चं सगळं काम लिनक्सवर केलंय, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान.

"सर, बटण नका दाबू. एस्केप, मग कोलन, मग क्यू."

"माहीत आहे. कीबोर्ड अडकतोय."

कीबोर्ड उत्तम आहे. मीच मागच्या महिन्यात घेतला.

७ जाने.

शिकायला तर हवं. मॅडमना सरळ सांगता आलं असतं. सांगितलं असं, "रोज चारला या, तुम्हाला सर्व्हरचं प्रशासन दाखवतो. पुढे उपयोगी पडेल."

आल्या. मी विचारत गेलो, "बरं, आता इथे तुम्ही काय कराल?" त्या करत गेल्या. मी म्हणत गेलो, "बरोबर." वही मांडीवर, टेबलाच्या खाली. सात कमांड टिपल्या. त्यांना कळलं नसेल असं मानायला आवडेल.

८ जाने., गुरु.

लिनक्ससोबत मिळणारी माहितीची पानं दिवसभर वाचली. गद्य म्हणून फार चांगलं आहे, एक शब्द जास्त नाही. वाचलेलं सगळं समजतं, फक्त हाताला समजत नाही. हात अजून माउसचं उजवं बटण शोधतो.

सर्व्हर रूम झाडायला, पोछा मारायला कौशल्याबाई येतात, नऊच्या ठोक्याला. ठेक्यावरच्या. सहा वर्षं झाली. आज पोछा थांबवून म्हणाल्या, "सर, नवीन मशीन सिकून राहिले का?"

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कोन पायजे? पयले एका हातानं चाय पेत होते न् एका हातानं काम करत होते तुमी. आता दोनी हात मशीनवर. चाय पाहा, साय धरली."

हसलो. पूर्ण कॉलेजात एकट्या त्यांनीच ओळखलं, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची गरज वाटली नाही. त्या काय कोणाला सांगणार, असं मनात आलं म्हणून. हेही लिहून ठेवतो.

९ जाने., शुक्र.

आज जे झालं ते क्रमाने लिहायचं.

सकाळी सर्व्हर लिनक्सवर सुरू. विद्यार्थ्यांच्या परीक्षा अर्जांचं काम चालू आहे, ऑफिसात खिडकीवर रांग. साडेअकराला बडे बाबूंचा फोन. आमचे हेडक्लार्क. "सर, फोल्डर खुलून नाई राहिला. परमिशन नाई म्हणते. पोरी उभ्या आहेत इथं, गावाच्या गाडीचा टाइम होऊन राहिला."

विंडोजवर हे हजारदा केलंय. फोल्डरवर जायचं, 'एव्हरीवन', 'फुल कंट्रोल', ओके. कुठला फोल्डर अडलाय ते शोधत बसायचं नाही, वरून पूर्ण ड्राइव्हलाच द्यायचं. तेवीस वर्षांत कधी काही बिघडलं नाही. इथलं त्याचं भाषांतर शोधलं. एक ओळ निघाली. कुठल्या फोल्डरवर चालवू? मुळापासूनच. त्या तिरप्या रेघेपासून खाली सगळं. सगळ्या फाइलींवर सगळ्यांना सगळे अधिकार.

मॅडम चारला येणार होत्या. तेव्हा बाराही वाजले नव्हते. पाच मिनिटं फोन करून विचारता आलं असतं.

एंटर मारलं. फोल्डर उघडला. बडे बाबू फोनवर, "वा सर!" आणि खरं सांगतो, मला ती ओळ आवडली. सभेत म्हणता येईल अशी वाटली.

अर्ध्या तासाने सर्व्हरने माझं ऐकणं बंद केलं. प्रशासकाचा हुकूम द्यायला गेलो तर नकार. हुकूमनाम्याची फाइल कोणालाही बदलता येते, तेव्हा आता तिच्यावर विश्वास नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मग मी विंडोजवाल्याचं दुसरं हुकमी औषध काढलं. रीस्टार्ट. त्यानंतर आत जाताच येईना.

एक वाजता रांग तशीच. बडे बाबू धावत आले. "काय झालं सर? लाईट गेली होती का?"

मी म्हणालो, "असू शकते."

१० जाने., शनि.

मॅडमना घरून बोलावलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, तपासलं, माझं खातंही उघडून पाहिलं. मग सिस्टीम नव्याने टाकली. माझ्या खात्याचं फोल्डर आणि अर्जांची माहिती वेगळ्या भागात होती, ते तसंच ठेवलं. दुपारी तीनला सगळं चालू. माहितीतलं एक अक्षरही गेलं नाही. दीड दिवसाचं काम गेलं आणि लांबून आलेल्या पंचवीस-तीस पोरी परत गेल्या.

अध्यक्षांना कारण लेखी हवं. लिहिलं, 'वीजपुरवठ्यात अचानक खंड पडल्याने सर्व्हरच्या कार्यप्रणालीत बिघाड झाला.' भाषा निर्दोष. सही केली.

१२ जाने., सोम.

यूपीएस आहे, मग वीज कशी गेली, असा प्रश्न अध्यक्षांना पडला. पडणारच होता. बडे बाबूंनी तर्क केला, "सकाळी कौशल्या झाडते तिथं. प्लग हालला असन तिच्या झाडूनं, दुपारी सुटला असन."

बोलावलं. कौशल्याबाई टेबलासमोर उभ्या. पदराला हात पुसत.

"मी त बोर्डाले हातबी नाई लावला साहेब. पोछा मारला न् निंगाली. सर होते ना तिथंच. सरायले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, हे जास्त लागलं. साक्षीदार हजर आहे म्हटल्यावर माणूस कसा निर्धास्त असतो, तशी नजर.

मी म्हणालो, "माझं लक्ष स्क्रीनकडे होतं."

एवढंच. खोटंसुद्धा नाही. लक्ष स्क्रीनकडेच होतं.

बाहेर पडताना माझ्याजवळून गेल्या.

१४ जाने., बुध.

संक्रांत. सुनंदाने तिळाचे लाडू दिले, म्हणाली, "सव्वीसचं भाषण झालं का तयार?" दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर माझं भाषण असतं. यंदाचा विषय मीच डिसेंबरात दिलाय: संविधान आणि श्रमाची प्रतिष्ठा.

कपाटातली निम्मी पुस्तकं श्रमावरची आहेत. समासात माझ्या खुणा. एक काढून चाळलं. तीन तीन रेघा मारलेली वाक्यं. परत ठेवलं.

दुपारी बडे बाबूंकडून कळलं. एजन्सीला पत्र गेलं. एक फेब्रुवारीपासून कौशल्याबाईंना येऊ नका सांगितलंय. त्यांनी ते पत्र माझ्याच टेबलासमोरून झेरॉक्सला नेलं.

१६ जाने.

चारचा तास चालूच आहे. मला आता बऱ्यापैकी येतं. सेवा सुरू करणं, बंद करणं, नोंदी वाचणं. आज मॅडमनी, म्हणजे मी 'दाखवत' असताना त्यांनी, वरच्या बाणाचं बटण दाबलं. मागे टाइप केलेली प्रत्येक ओळ परत येते. सगळी यादी एका शब्दात निघते. विंडोजवर मी तेवीस वर्षांत किती ठिकाणी काय काय क्लिक केलं ते कोणी सांगू शकणार नाही. इथे मशीन लिहून ठेवतं.

त्या गेल्यावर मी यादी काढली. नऊ तारखेच्या ओळींत ती होती. माझ्या खात्यातच. सिस्टीम नवी झाली पण माझं घर, म्हणजे खात्याचं फोल्डर, जसंच्या तसं जपलं होतं ना त्यांनी.

यादीतून एक ओळ काढायची कशी ते वाचलं. काढली. परत उघडून पाहिलं, नव्हती.

लिनक्सवर मी कोणाला न विचारता, पहिल्याच फटक्यात बरोबर केलेलं हे पहिलं काम.

१९ जाने., सोम.

आज मॅडम आल्या, बसल्या, वही उघडली नाही.

"सर, ती ओळ काढली का तुम्ही?"

"कुठली?"

"मी दहा तारखेलाच पाहिली होती. म्हटलं, सर सांगतील."

पंखा बंद होता. बाहेर मैदानात मुलं परेडची तालीम करत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला कधीही, कुठेही, कुठल्याही विषयावर उभं केलं तर पहिलं वाक्य सुचतं, अशी माझी ख्याती आहे. सुचलं नाही.

"चूक कोणाचीही होते सर. मी एकदा पूर्ण प्रयोगाचा डेटा उडवला होता, वर्षभराचा. पण त्या बाईचं काय?"

"मी बोलतो अध्यक्षांशी."

"हो." कीबोर्ड पुढे ओढत म्हणाल्या, "चला. आज अधिकार शिकू. मालक, गट, बाकीचे. पहिल्यापासून."

मी वही टेबलावर ठेवून लिहिलं. त्या शिकवतात आणि मी शिकतो, हे आज पहिल्यांदा दोघांनीही मान्य केलं. मालकाला काय, गटाला काय, बाकीच्यांना काय. जेवढं काम, तेवढाच अधिकार. मशीन कोणाला कमी लेखत नाही त्यात. पासवर्डांची फाइल सगळ्यांना लिहिता आली तर कोणाचाच पासवर्ड कामाचा राहत नाही, इतकी साधी गोष्ट. मी एवढ्या सभा गाजवल्या आणि एवढं कधी विचारात घेतलं नव्हतं.

२१ जाने., बुध.

अध्यक्षांना अर्ज लिहायला चार कागद फाडले. प्रत्येकात दुसऱ्या परिच्छेदाला आवाज चढतो. 'माझा अंतरात्मा', 'सत्याची चाड'. शेवटी तीन ओळी ठेवल्या. बिघाड माझ्या चुकीच्या कमांडमुळे झाला. वीज गेली नव्हती. कौशल्याबाईंचा संबंध नाही.

२२ जाने., गुरु.

अध्यक्षांनी वाचला. चष्मा काढला. परत वाचला.

"सर, दार लावा."

लावलं.

"हे कायले लिहिलं?"

"खरं आहे म्हणून."

"असन. पण आता काय फायदा? एजन्सीले पत्र गेलं. अन् तसंबी एक बाई कमी कराचीच होती. कोनतीतरी जानारच. तुमी साकोलीचे वक्ते आहा सर. लोक लाखांदूरवरून तुमाले आइकाले येतात. उद्या म्हणतीन, सरायलेच येत नाई अन् पूर्ण कॉलेज लिनक्सवर नेलं. माझी इज्जत जाईन, तुमची जाईन."

"मग माझ्यावर कारवाई करा."

"कारवाई!" हसले. "तुमी पर्मनंट आहा."

अर्ज घडी करून टेबलाच्या खणात टाकला. चहा मागवला. मी प्यायलो. उठून जायला हवं होतं. गरम होता, आलं घातलेलं होतं, प्यायलो.

२४ जाने., शनि.

सुनंदाला सांगितलं. सकाळी, ती मागच्या दारी वालाच्या शेंगा सोलत असताना. सगळं. तीन दिवसांचं लिनक्ससुद्धा.

ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी घरात मीठ मागता तरी शेजाऱ्याले आइकू जाते. हे काहून एवढ्या हळू सांगून राहिले?"

आणखी एक शेंग सोलली. "दोन पोरी आहेत कौशल्याले. लहानी आपल्याच कॉलेजात आहे. बी.ए.ले. माहीत आहे का तुमाले?"

माहीत नव्हतं. सहा वर्षं रोज सकाळी नऊला.

२६ जाने., सोम. सकाळ

भाषणाचा कागद केला नाही. निघतो.

२६ जाने., संध्याकाळ

बोललो. माईकवर, झेंड्याखाली, सगळ्यांसमोर. विषय होता तोच, उदाहरण स्वतःचं. मी लिनक्सवर भाषणं दिली, मला ते येत नव्हतं. सर्व्हर मी बंद पाडला. वीज गेली नव्हती. दोष एका बाईवर गेला आणि मी गप्प राहिलो. तिला कामावर ठेवा, ही माझी अध्यक्षांना जाहीर विनंती.

इथपर्यंत ठीक. पण 'मी गप्प राहिलो' या वाक्यानंतर मी थांबलो. नेहमी थांबतो तितकाच. आवाज खाली आणून, मान किंचित वर करून. तीस वर्षांची सवय. टाळ्यांसाठी सोडतो ती जागा.

आणि टाळ्या पडल्या. जोरात. मागच्या रांगांतली मुलं उठून उभी राहिली. खाली उतरल्यावर बडे बाबूंनी हात धरला, "काय बोलले सर! अंगावर काटा आला." मराठीचे प्राध्यापक म्हणाले, यंदाचं सर्वोत्तम. अध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या, सर्वांत आधी थांबवल्या आणि जिलेबी वाटायला सांगितली. एक तारखेबद्दल कोणीही एक अक्षर काढलं नाही. लांजेवार मॅडम लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

कौशल्याबाई दिसल्या नाहीत. विचारलं तर कळलं, सुट्टीच्या दिवशी ठेक्यावरच्यांना बोलावत नाहीत.

म्हणजे मी हे सगळं बोललो तेव्हा, जिच्याविषयी बोललो ती तिथे नव्हतीच. आणि मी उभं राहण्याआधी पाहिलंही नव्हतं.

तिथूनच गेलो. तलावाच्या पाळीखाली त्यांची टोली, लहानशी वस्ती. विचारत विचारत सापडलं. अंगणात बसून लाखोळीची भाजी निवडत होत्या. लहान मुलगी माझ्या आधी पोचली होती, गणवेशातच, धापा टाकत. सगळं सांगून झालेलं दिसलं. ती आत निघून गेली.

कौशल्याबाईंनी खाट दाखवली. मी बसलो नाही.

"माइकवर सांगलं म्हनते तुमी."

"हो."

"लय टाळ्या पडल्या म्हनते पोरगी."

"हो."

पानं खुडत राहिल्या. देठ एका बाजूला, पानं सुपात.

"मले त नाई सांगलं ना अजून."

मग सांगितलं. उभ्या उभ्या. नऊ तारखेपासून. किती वाजता काय केलं, बडे बाबूंनी काय विचारलं, मी काय म्हणालो. बारा तारखेला त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, हेही. वाक्यं नीट जुळत नव्हती. मध्येच थांबत होतो आणि त्या थांबण्याला काही अर्थ नव्हता. ओळ म्हणजे काय ते विचारलं त्यांनी. सांगितलं, मशीनला दिलेला हुकूम. "असं," म्हणाल्या.

रागावतील वाटलं. रडतील वाटलं. यातलं काही झालं नाही. सूप झटकलं.

"मंग मी एक तारखेपासून येऊ का नोको येऊ?"

मला माहीत नव्हतं. तसंच म्हणालो.